देशाच्या अर्थव्यवस्थेवर फ्युचर घ्यायचाय? आधी हेतू ठरवा, मग निर्देशांक

ठाणे, डोंबिवली, कल्याण परिसरातले वाचक शेअर बाजाराविषयी जे प्रश्न विचारतात, त्यात गेली काही वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘भारताची अर्थव्यवस्था वाढणार याची मला खात्री आहे. एकेका कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा सगळ्या देशावरच पैसे लावायचे, तर कोणत्या निर्देशांकाचा फ्युचर घेऊ? निफ्टी, सेन्सेक्स की बँक निफ्टी?’

थोडक्यात उत्तर असे. देशातल्या मोठ्या उद्योगांचे बऱ्यापैकी प्रातिनिधिक चित्र दाखवणारा आणि सहज घेता-विकता येणारा फ्युचर हवा असेल, तर निफ्टी ५० चा फ्युचर निवडा. पण तुमचा विश्वास पुढच्या पाच-दहा वर्षांवर असेल, तर तुम्हाला फ्युचर नको, इंडेक्स फंड हवा आहे. दोन्हींच्या मागे निर्देशांक एकच असतो, पण पैसे बुडण्याची रीत अगदी वेगळी असते. कोणते साधन कोणाला लागते, हे नीट समजून घेऊ.

निर्देशांकात देश किती असतो?

ठाणे ते कल्याण आणि आसपासच्या पट्ट्यात रोजची अर्थव्यवस्था डोळ्यांना दिसते. वागळे इस्टेटमधले छोटे कारखाने, भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामे, डोंबिवली एमआयडीसीतले रसायनांचे उद्योग, उल्हासनगरची जीन्सची शिलाई, कल्याणच्या बाजार समितीत उतरणारा भाजीपाला, मुरबाड-शहापूरची भातशेती. यांपैकी जवळपास काहीच निफ्टीत थेट नाही. निफ्टीत पन्नास मोठ्या सूचिबद्ध कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीचा भार ठरतो तो बाजारात खुल्या असलेल्या तिच्या शेअर्सच्या किमतीवरून. त्या कंपनीने किती लोकांना काम दिले किंवा देशाच्या उत्पन्नात किती भर घातली, याचा त्या भाराशी संबंध नसतो.

त्यामुळे चित्र एका बाजूला झुकते. निफ्टीचा एक तृतीयांशाहून अधिक भार बँका आणि वित्तसंस्थांचा आहे. देशातल्या कष्टकऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक शेतीवर जगतात, पण शेती करणारी एकही कंपनी तिथे नाही. उलट, टीसीएसच्या ठाण्यातल्या कार्यालयांत हजारो लोक कामाला असले, तरी त्या कंपनीची बहुतेक कमाई परदेशी ग्राहकांकडून होते. तिचा भाव अमेरिकी कंपन्यांच्या खर्चावर आणि डॉलरच्या दरावर अधिक हलतो.

२०२०-२१ या आर्थिक वर्षाकडे पाहा. टाळेबंदीमुळे त्या वर्षी देशाचे सकल उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटले. त्याच वर्षात निफ्टी ८,५९८ वरून १४,६९० वर गेला, म्हणजे सुमारे ७१ टक्के वाढला. आधीच्या मार्चमध्ये भाव कोसळले होते, व्याजदर खाली आले होते आणि बाजार पुढच्या वर्षाच्या नफ्याचा अंदाज बांधत होता. अर्थव्यवस्थेची दिशा तुम्ही अचूक ओळखली, तरी निर्देशांक त्याच महिन्यात त्याच दिशेने जाईलच असे नाही. आणि फ्युचरचा हिशेब मात्र महिन्यातच होतो.

पर्याय कोणते? कोण काय दाखवतो?

भारतात निर्देशांकाचे फ्युचर जून २००० मध्ये सुरू झाले. मुंबई शेअर बाजारात सेन्सेक्सचा, आणि पाठोपाठ राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचा. आज वैयक्तिक गुंतवणूकदारासमोर मुख्यतः हे पर्याय आहेत:

- निफ्टी ५०: पन्नास कंपन्या आणि अनेक क्षेत्रे. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा फेरआढावा होतो. फ्युचरमध्ये उलाढाल मोठी असल्याने खरेदी आणि विक्रीच्या भावातली दरी लहान असते. ‘देश’ म्हणून एकच निवडायचा, तर हाच.
- सेन्सेक्स: तीस कंपन्या. १९८६ पासूनचा, आणि घराघरात माहीत असलेला. त्यातल्या बड्या कंपन्या निफ्टीतही आहेत, त्यामुळे दोघांची चाल जवळपास सारखी असते. मात्र त्याच्या फ्युचरमधली उलाढाल निफ्टीपेक्षा कमी आहे. बाहेर पडताना समोर गिऱ्हाईक हवे, म्हणून हा फरक महत्त्वाचा.
- बँक निफ्टी: हा फक्त बँकांचा निर्देशांक आहे. कर्जवाढ आणि व्याजदर यांवर मत असेल तरच याचा विचार करा. थोड्याच कंपन्यांवर भार एकवटतो, म्हणून सेबीने २०२५ मध्ये फ्युचर-ऑप्शन असलेल्या अशा क्षेत्रीय निर्देशांकांसाठी नियम केला: किमान १४ कंपन्या, एकीचा भार कमाल २० टक्के, पहिल्या तिघींचा मिळून कमाल ४५ टक्के. तरीही सगळ्या बँकाच. याला देशाचे चित्र समजू नका.
- निफ्टी फिनान्शियल सर्व्हिसेस: बँकांसोबत विमा कंपन्या आणि बिगरबँक वित्तसंस्था असतात. वरची सूचना इथेही लागू.
- निफ्टी नेक्स्ट ५० आणि निफ्टी मिडकॅप सिलेक्ट: देशांतर्गत मागणीशी जोडलेल्या कंपन्या इथे अधिक सापडतात, म्हणून काही जणांना हे अधिक ‘भारतीय’ वाटतात. पण चढउतार मोठे असतात आणि फ्युचरमधली उलाढाल विरळ.
- गिफ्ट निफ्टी: सकाळी वृत्तवाहिन्यांवर दिसतो तो हाच. जुलै २०२३ मध्ये सिंगापूरहून गुजरातच्या गिफ्ट सिटीत आला. व्यवहार डॉलरमध्ये होतात आणि निवासी भारतीयांसाठी तो खुला नाही.

दुसऱ्या देशांच्या निर्देशांकांचे फ्युचर घेता येतील का, असेही काही जण विचारतात. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली परदेशी शेअर घेता येतात. परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी मात्र पैसे पाठवता येत नाहीत. मोबाइलवर ‘जगातला कोणताही निर्देशांक घ्या’ म्हणणाऱ्या ॲपमध्ये पैसे भरलेत, तर नियमभंगही तुमचा आणि बुडालेले पैसेही तुमचेच.

एका लॉटमध्ये नेमके किती पैसे अडकतात?

सेबीच्या ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयानंतर निर्देशांकाचा नवा करार किमान १५ लाख रुपयांचा असावा लागतो. त्यामुळे निफ्टीचा लॉट आधी २५ वरून ७५ झाला. निर्देशांकाच्या पातळीनुसार ही संख्या बदलत राहते, म्हणून व्यवहाराआधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर चालू लॉट पाहा.

हिशेबासाठी समजा, निफ्टी २५,००० वर आहे आणि लॉट ६५ चा आहे.

- कराराची किंमत: २५,००० × ६५ = १६,२५,००० रुपये.
- खात्यात ठेवावी लागणारी मार्जिन: साधारण दोन लाखांच्या आसपास. बाजार अस्थिर झाला की ती वाढते.
- निफ्टी एक अंक हलला की ६५ रुपये.
- निफ्टी एक टक्का हलला की १६,२५० रुपये.

आता खरा दिवस घ्या. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले आणि निफ्टी एका दिवसात ५.९३ टक्के पडला. वरच्या उदाहरणातल्या लॉटवर ते नुकसान सुमारे ९६ हजार रुपयांचे होते. म्हणजे दोन लाखांची जवळजवळ निम्मी मार्जिन एका दिवसात गेली. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी सुमारे १३ टक्के पडला होता. तसा दिवस पुन्हा आला, तर सगळी मार्जिन संपून वर खिशातून पैसे भरावे लागतील.

फ्युचरमध्ये दोन लाख रुपये ‘गुंतवले’ असे म्हणणेच चुकीचे आहे. जोखीम सव्वासोळा लाखांची असते आणि दोन लाख ही फक्त तिची अनामत. घरात हा विषय बोलताना हाच आकडा सांगा.

आधी हेतू लिहून काढा

बहुतेक वाचक पुढच्या तीनपैकी एका गटात बसतात.

*१. मला देशाच्या वाढीत दीर्घकाळ सहभागी व्हायचे आहे.*
तुमच्यासाठी फ्युचर नाही. निफ्टीचा फ्युचर चालू, पुढच्या आणि त्यापुढच्या महिन्याचा मिळतो. मुदत संपली की तो बंद करून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो, यालाच रोलओव्हर म्हणतात. पुढच्या महिन्याचा भाव बहुधा वर असतो, कारण त्यात व्याज धरलेले असते. हा फरक १२० अंकांचा धरला, तर ६५ च्या लॉटवर महिन्याला ७,८०० आणि वर्षाला ९३,६०० रुपये होतात. निफ्टी वर्षभर जागचा हलला नाही, तरी एवढे जातात. उरलेली रक्कम मुदतठेवीत व्याज मिळवत असेल तरच याची बरीचशी भरपाई होते. शिवाय लाभांश तुमच्या हातात येत नाही.

त्यापेक्षा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड किंवा ईटीएफ घ्या. आपल्याकडचा पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, २००१ च्या अखेरीपासून चालू आहे. देशाचे चित्र आणखी रुंद हवे असेल, तर निफ्टी ५०० वर आधारलेला फंड पाहा. मध्यम आणि छोट्या कंपन्याही त्यात येतात. त्या निर्देशांकाचा फ्युचर नाही, पण फंड मिळतो आणि दरमहा पाचशे रुपयांपासून सुरुवात करता येते. बाजार निम्म्यावर आला तरी फंड तुमच्याकडे जादा पैसे मागत नाही आणि तुम्हाला विकायला लावत नाही. वाट पाहण्याची मुभा राहते.

*२. माझ्याकडे शेअर आहेत. काही आठवड्यांसाठी त्यांचा बचाव करायचा आहे.*
फ्युचरचा हा खरा उपयोग. समजा सोळा लाखांचे मोठ्या कंपन्यांचे शेअर आहेत आणि दोन महिन्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागणार आहेत. निफ्टीचा एक लॉट विकून ठेवला, तर बाजार पडल्यावर शेअरमधला तोटा फ्युचरच्या नफ्याने बराचसा भरून निघतो. पण दोन गोष्टी तपासा. शेअर आठ लाखांचेच असतील, तर एक लॉट जास्त होतो. उरलेल्या आठ लाखांवर तुम्ही मंदीची पैज लावलेली असते. आणि शेअर छोट्या कंपन्यांचे असतील, तर निफ्टी चढला तरी ते पडू शकतात. मग दोन्हीकडून तोटा. पैसे लवकरच लागणार असतील, तर शेअर विकून टाकणे हा साधा बचाव अनेकदा पुरेसा असतो.

*३. मला चार दिवसांच्या तेजी-मंदीतून कमवायचे आहे.*
ही सट्टेबाजी आहे. ती बेकायदेशीर नाही, पण आकडे माहीत असू द्या. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाल्याचे आढळले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच होते. यात ऑप्शनचा वाटा मोठा आहे, पण फ्युचर त्यामुळे सुरक्षित ठरत नाही. इथे फक्त तेवढेच पैसे आणा, जे पूर्ण गेले तरी घराचा हप्ता, शाळेची फी आणि आईवडिलांची औषधे यांना धक्का लागणार नाही.

घ्यायचेच ठरले, तर या क्रमाने जा

1. नोकरीचे नियम पाहा. आपल्या भागात रेल्वे, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत शेअर बाजारातल्या सट्ट्याला मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच मानला जातो. खात्याकडे लेखी विचारणा करा.
2. ब्रोकरची नोंदणी तपासा. सेबीच्या संकेतस्थळावर नाव आणि नोंदणी क्रमांक जुळवा. सब-ब्रोकर म्हणून ओळखली जाणारी व्यक्ती ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणून नोंदलेली आहे का, तेही पाहा.
3. फ्युचर-ऑप्शनचा विभाग वेगळा सुरू करा. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो: आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ किंवा सहा महिन्यांचे बँक विवरण. ‘भरून टाकतो, सही करा’ असे कोणी म्हटले, तर थांबा.
4. मार्जिनपेक्षा जास्त रोकड ठेवा. किमान मार्जिनवर पोझिशन घेतलीत, तर पहिल्याच घसरणीत ब्रोकर ती कापेल. मार्जिनच्या दुप्पट रक्कम हाताशी असल्याशिवाय एकही लॉट घेऊ नका.
5. चालू महिन्याचा करार निवडा. लांबच्या महिन्यात उलाढाल कमी आणि भावातली दरी मोठी.
6. लिमिट ऑर्डर द्या आणि तोट्याची मर्यादा आधीच ठरवा. स्टॉप लॉस सोबतच लावा. मात्र बाजार मोठ्या फरकाने उघडला, तर स्टॉप लॉसच्या भावाला सौदा होईलच असे नाही.
7. एक्स्पायरीचा दिवस लिहून ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीचा मासिक करार महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी आणि सेन्सेक्सचा शेवटच्या गुरुवारी संपतो. त्या दिवशी सुट्टी असेल, तर आधीच्या कामकाजाच्या दिवशी. शेअर हातात येत नाहीत, हिशेब रोखीने होतो.

इथे पाय घसरतो

- रोजचा हिशेब विसरणे. नफा-तोटा रोज संध्याकाळी खात्यात वळता होतो. ‘शेवटी निफ्टी वर येईलच’ हे खरे ठरेपर्यंत तुमची पोझिशन टिकलेली असेलच असे नाही.
- ‘सरासरी’ करणे. तोट्यात आणखी एक लॉट घेतला, की जोखीम सव्वासोळा लाखांवरून साडेबत्तीस लाखांवर जाते.
- कर्ज काढून मार्जिन भरणे. वैयक्तिक कर्ज, सोनेतारण किंवा पतपेढीचे कर्ज यांतून मार्जिन भरू नका. बाजारातला तोटा संपला तरी हप्ता संपत नाही.
- टिप्सचे गट. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांकडे सेबीची नोंदणी मागा. ‘दरमहा पाच टक्के खात्रीशीर’ असे म्हणण्याची परवानगी कोणत्याही नोंदणीकृत सल्लागाराला नाही.
- डब्बा व्यवहार. ‘मार्जिन कमी, कर नाही, हिशेब रोखीत’ असे सांगून बाजाराबाहेर वहीत किंवा ॲपवर होणारे सौदे बेकायदेशीर आहेत. तिथे बुडालेल्या पैशांसाठी शेअर बाजाराकडे दाद मागता येत नाही.
- दुसऱ्याच्या हाती पासवर्ड. ओळखीचा, सोसायटीतला, नात्यातला, कोणीही असो. ओटीपी आणि पासवर्ड देऊ नका.

तुमचे हक्क

- प्रत्येक सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट २४ तासांत मिळाली पाहिजे. शेअर बाजाराकडून थेट येणारा एसएमएस तिच्याशी जुळवा.
- तुमच्या आदेशाचा पुरावा नसताना ब्रोकर तुमच्या नावावर सौदा करू शकत नाही.
- खात्यात पडून असलेली रक्कम तुम्ही निवडल्याप्रमाणे दर महिन्याला किंवा तिमाहीला बँकेत परत आली पाहिजे.
- पैसे फक्त तुमच्या बँक खात्यातून ब्रोकरच्या अधिकृत खात्यात जावेत. कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोखीने देऊ नका.

तक्रार असेल तर आधी ब्रोकरकडे ईमेलने, लेखी करा. दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर नोंदवा. तिथे २१ दिवसांत उत्तर अपेक्षित असते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. त्यानेही समाधान झाले नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’वर सलोखा आणि लवादाची सोय आहे. सेबीची नि:शुल्क मदतवाहिनी १८०० २६६ ७५७५ ही आहे. बनावट ॲपने फसवले असेल, तर त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे जा. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली आणि बदलापूरपर्यंतचा भाग याच आयुक्तालयात येतो. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

कराचा भाग

फ्युचरचा नफा भांडवली नफा नसतो, व्यवसायाचे उत्पन्न मानला जातो आणि तुमच्या टप्प्यानुसार त्यावर कर लागतो. पगारदारांनाही मग आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा पगारातून वजा होत नाही. मात्र मुदतीत विवरणपत्र भरले, तर तो पुढची आठ वर्षे व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. म्हणून तोटा झाला तरी विवरणपत्र भराच. आणखी एक परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो. पगारदाराला दरवर्षी जुनी किंवा नवी करप्रणाली निवडता येते, पण व्यवसायाचे उत्पन्न आले की ही मोकळीक आवळली जाते. गृहकर्ज आणि विम्याच्या वजावटी घेणाऱ्यांनी पहिला लॉट घेण्याआधी सीएंना भेटावे. फ्युचर विकताना लागणारा व्यवहार कर ऑक्टोबर २०२४ मध्ये ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. अर्थसंकल्पांत तो बदलत असल्याने ताजा दर पाहूनच खर्चाचा हिशेब करा.

ऑर्डर देण्याआधी पाच प्रश्न

1. माझा विश्वास किती मुदतीचा आहे? एका महिन्याहून लांबचा असेल, तर फंड का नको?
2. मी निवडलेला निर्देशांक सगळ्या उद्योगांचा आहे की एकाच क्षेत्राचा?
3. उद्या निफ्टी सहा टक्के पडला, तर भरायला पैसे कुठून येतील?
4. कोणत्या भावाला बाहेर पडायचे, हे कागदावर लिहिले आहे का?
5. कराराची पूर्ण किंमत घरातल्यांना माहीत आहे का?

पाचही उत्तरे स्पष्ट असतील, तर निफ्टी ५० चा चालू महिन्याचा एकच लॉट घ्या आणि पहिल्या महिन्यात दुसरा वाढवू नका. एकाही उत्तरावर अडलात, तर त्याच निर्देशांकाच्या फंडात एसआयपी सुरू करा. देशाच्या वाढीतला तुमचा वाटा त्यातूनही मिळेल, आणि तो मिळवण्यासाठी घर पणाला लावावे लागणार नाही.